ॲप्रनचा मान

डॉक्टरांच्या पांढऱ्या कोटाला महाराष्ट्रात सहसा कोणी कोट म्हणत नाही. तो ॲप्रन. वैद्यकीयला प्रवेश मिळालेल्या मुलीची आई दुकानात जाऊन ॲप्रनच मागते आणि वॉर्डातल्या मावशीही "ॲप्रनवाले डॉक्टर आले" असेच सांगतात. इंग्रजीत या शब्दाचा मूळ अर्थ साधा आहे. स्वयंपाक करताना किंवा कारखान्यात काम करताना अंगावरचे कपडे खराब होऊ नयेत म्हणून पुढून बांधायचा कपडा तो ॲप्रन. शब्द कष्टाच्या कामातला असला, तरी इथे तो ज्या वस्त्राला चिकटला त्याला समाजाने फार वरचा मान दिला.

नागपूरच्या नंदनवन भागात हे वस्त्र दिवसभर डोळ्यांसमोर असते. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय, म्हणजे नागपूरकरांचे 'मेडिकल', इथून फार लांब नाही. सक्करदरा चौकात शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे. दोन्हीकडचे विद्यार्थी सारखाच पांढरा ॲप्रन घालतात. पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढणारा तंत्रज्ञ, फिजिओथेरपिस्ट, दातांच्या दवाखान्यातली मदतनीस, औषधाच्या दुकानातला फार्मासिस्ट यांच्याही अंगावर तोच असतो. बारावी विज्ञानाची मुले रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलला तोच घालतात. अभियांत्रिकीच्या कार्यशाळेत मात्र ॲप्रन गडद रंगाचा लागतो, कारण तिथे डाग लपायला हवा असतो. दवाखान्यातल्या पांढऱ्या रंगाचा हेतू नेमका उलटा आहे. इथे डाग दिसला पाहिजे.

वैद्याने पांढरे घालावे, ही सूचना आपल्याकडे फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, शिक्षण पुरे करून व्यवसायात उतरणाऱ्या वैद्याने कसे असावे हे सांगितले आहे. शास्त्र शिकलेला, प्रत्यक्ष कर्म पाहिलेला आणि हाताने सराव केलेला असा तो हवा. त्याने राजाची अनुज्ञा घेतलेली असावी. नखे आणि केस कापलेले, शरीर स्वच्छ, अंगावर शुभ्र वस्त्र, हातात छत्री आणि काठी, पायांत पादत्राणे, आणि एकूण वेश उद्धट नसलेला. यातली राजाची अनुज्ञा म्हणजे आजच्या भाषेत नोंदणी. वेशाबद्दलची शेवटची अट आज कोणी फारशी आठवत नाही; पण पांढऱ्या वस्त्राबरोबर नम्रतेची अट ग्रंथाने एकाच दमात घातली आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

आजचा ॲप्रन मात्र सुश्रुताकडून आलेला नाही. तो आला प्रयोगशाळेतून. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेतले डॉक्टर काळा लांब कोट घालत. काळा रंग गांभीर्याचा, शिवाय रक्ताचे डाग त्यावर उठून दिसत नसत. काही शल्यचिकित्सक वर्षानुवर्षे तोच कोट वापरत. या काळ्याचे पांढरे कसे झाले, हे फिलाडेल्फियातला चित्रकार टॉमस एकिन्स याच्या दोन चित्रांत पाहायला मिळते. १८७५ च्या चित्रात डॉक्टर ग्रॉस आणि त्यांचे सहकारी काळ्या कोटात उघड्या जखमेवर शस्त्रक्रिया करताना दिसतात. १८८९ च्या चित्रात डॉक्टर ॲग्न्यू आणि त्यांचे मदतनीस पांढऱ्या कपड्यांत आहेत, आणि शेजारी परिचारिकाही उभी आहे. मधल्या चौदा वर्षांत जंतूंचा सिद्धांत आणि शल्यचिकित्सक लिस्टर यांची जंतुनाशक पद्धत शल्यगृहात पोचली होती.

याच दोन चित्रांच्या मधल्या काळात, त्याच फिलाडेल्फियात, आनंदीबाई जोशी वैद्यकशास्त्र शिकत होत्या. १८८६ मध्ये त्यांना एम.डी. पदवी मिळाली. त्यांचे सर्वांत प्रसिद्ध छायाचित्र १८८५ चे आहे. त्यात त्यांच्यासोबत जपानची आणि सीरियाची अशा दोन सहविद्यार्थिनी आहेत, आणि तिघींच्याही अंगावर आपापल्या देशाचा पोशाख आहे. त्या काळात डॉक्टर स्त्री म्हणून ओळख पटवणारा असा काही गणवेशच नव्हता. आज शाळेच्या स्नेहसंमेलनात आनंदीबाई होणाऱ्या मुलीला नऊवारीवर पांढरा ॲप्रन आणि गळ्यात स्टेथोस्कोप घालतात, तो वेश नंतरच्या काळाने मागे नेऊन चढवलेला.

प्रयोगशाळेचा कोट डॉक्टरांनी का उचलला, याचे कारण केवळ स्वच्छता हे नव्हते. त्या काळी युरोप-अमेरिकेत वैद्यकाच्या नावाखाली काहीही विकले जाई. भोंदूंच्या गर्दीत आपण वेगळे आहोत, आपले शास्त्र रसायनशास्त्रासारखे तपासून घेतलेले आहे, हे सांगण्याची गरज होती. शास्त्रज्ञाचा कोट अंगावर चढवला की ते न बोलता सांगता येई. पुढे शल्यगृहाने पांढरा रंग सोडून दिला. प्रखर दिव्याखाली पांढरे कापड डोळ्यांना त्रास देते आणि लाल रक्ताकडे बराच वेळ पाहिल्यावर पांढऱ्यावर हिरवट भास दिसतो, म्हणून १९१४ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोचे शल्यचिकित्सक हॅरी शर्मन यांनी हिरवा रंग आणला. ओटीतला हिरवा-निळा पोशाख त्यातूनच रूढ झाला. पांढरा ॲप्रन वॉर्डात आणि ओपीडीत राहिला, जिथे त्याचे काम जंतूंपेक्षा माणसांशी जास्त होते.

नागपुरात आधुनिक वैद्यकाचा मान सुरुवातीपासूनच दोन पायऱ्यांचा होता. १९१४ मध्ये इथे रॉबर्टसन मेडिकल स्कूल निघाले. मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त सर बेंजामिन रॉबर्टसन यांचे नाव त्याला दिलेले. तिथून एल.एम.पी. ही पदविका मिळे. एल.एम.पी. डॉक्टरांनी मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या गावोगावच्या सरकारी दवाखान्यांचा गाडा ओढला, पण पदवीधर डॉक्टरांच्या पंक्तीत त्यांना पाट नव्हता. १९३३ च्या कायद्याने मेडिकल कौन्सिल ऑफ इंडिया स्थापन झाली, तेव्हा तिच्या कक्षेतून पदविकाधारकांना वगळले गेले. रुग्णाला हा भेद दिसत नसे, कारण दोघांच्याही गळ्यात तीच नळी असे. १९४६ मध्ये देशाच्या आरोग्यसेवेचा आढावा घेणाऱ्या भोर समितीने ही दुहेरी व्यवस्था बंद करून एकच पदवीधर डॉक्टर घडवावा अशी शिफारस केली. पुढच्याच वर्षी, १९४७ मध्ये, नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. शहरातले दुसरे, मेयो रुग्णालयाला जोडलेले इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६८ चे. मिहानमधल्या एम्समध्ये शिक्षण २०१८ मध्ये सुरू झाले. (अमेरिकेतल्या प्रसिद्ध मेयो क्लिनिकशी नागपूरच्या मेयोचा काही संबंध नाही. योगायोग असा की त्या मेयोत डॉक्टरांनी पांढरा कोट न घालता साधे सूटबूट घालण्याची परंपरा आहे. रुग्णाला आपल्यासमोर एक माणूस बसला आहे असे वाटावे, हा त्यामागचा विचार.)

मोठ्या सरकारी रुग्णालयात सकाळच्या राउंडला उभे राहिले, तर ॲप्रनची उतरंड कागदावर मांडलेल्या उतरंडीपेक्षा वेगळी दिसते. अमेरिकेतल्या अनेक रुग्णालयांत विद्यार्थ्याचा कोट कमरेपर्यंत आखूड आणि वरिष्ठाचा गुडघ्यापर्यंत लांब असतो. कोटाच्या लांबीवरून पद कळते. आपल्याकडे लांबी सारखीच. इथे फरक पडतो तो घालण्या-न घालण्यात. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याचा ॲप्रन कडक इस्त्रीचा, बटणे गळ्यापर्यंत लावलेली. इंटर्नच्या ॲप्रनचे खिसे सिरिंज, नळ्या, चिठ्ठ्या आणि बिस्किटाच्या पुड्याने फुगलेले. निवासी डॉक्टर, म्हणजे जेआर, छत्तीस-छत्तीस तासांच्या ड्युटीत असेल तर त्याचा ॲप्रन चुरगळलेला, बाही दुमडलेली, कधी नुसता हातावर टाकलेला. सहयोगी प्राध्यापकाचा असलाच तर उघडा. विभागप्रमुख बहुधा साध्या शर्टपँटमध्ये येतात, आणि सगळा घोळका त्यांच्यासाठी वाट करून देतो. ज्याला आपण कोण हे अजून सिद्ध करायचे आहे त्याच्या अंगावर ॲप्रन सर्वांत नीट असतो. ज्याचे नावच पुरेसे आहे, त्याला त्याची गरज उरत नाही. नागपूरचा उन्हाळा पारा ४५ अंशांपुढे नेतो तेव्हा कृत्रिम धाग्याच्या कोटात घाम गाळणे हेही कनिष्ठांच्याच वाट्याला येते.

ॲप्रनखेरीज बाकीचा वॉर्ड वेगळ्या वेशांनी चालतो. परिचारिकेचा पांढरा गणवेश डॉक्टरांच्या कोटासारखा प्रयोगशाळेतून आलेला नाही. त्याची मुळे ख्रिस्ती धर्मभगिनींच्या वेशात आणि नाइटिंगेलच्या काळातल्या शिस्तीत आहेत, म्हणून डोक्यावर टोपी आली आणि हाकेलाही 'सिस्टर'. महाराष्ट्राच्या शासकीय सेवेत त्यांची पदे अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका अशी चढत जातात, पण रुग्णाच्या नातेवाइकांसाठी सगळ्या सिस्टरच. पुरुष परिचारक 'ब्रदर'. त्याखाली कक्षसेवक आणि आया येतात. त्यांना वॉर्डात 'मामा' आणि 'मावशी' म्हणतात. हे नाते आईकडचे, जवळचे. पण ही हाक बहुतेक एकाच दिशेने जाते. पंचविशीतला डॉक्टर पन्नाशीच्या माणसाला "मामा, पेशंट एक्स-रेला न्या" असे सांगतो. तिकडून उत्तर "हो साहेब" असेच येते. रात्री दोन वाजता ऑक्सिजनचा सिलिंडर कुठे मिळेल, रक्तपेढीत आज कोण आहे, कोणत्या नातेवाइकाचा पारा चढलेला आहे, हे मात्र मामांनाच ठाऊक असते, आणि नवा इंटर्न ते पहिल्या आठवड्यातच शिकतो.

मराठीत बौद्धिक कामावर जगणाऱ्या वर्गाला 'पांढरपेशा' म्हणतात. ज्याचे हात मळत नाहीत तो पांढरपेशा. रुग्णालयात हा शब्द गमतीशीर पेचात सापडतो. डॉक्टरचे काम रक्त, पू, मलमूत्र यांच्याशी, म्हणजे परंपरेने विटाळ मानलेल्या गोष्टींशी. तरी तो पांढरपेशांत अग्रणी. तेच काम करणारी आया आणि सफाई कामगार मात्र नाहीत. परिचर्येच्या कामाकडे सवर्ण कुटुंबे कित्येक दशके वळली नाहीत. मिशनच्या रुग्णालयांतून ख्रिस्ती मुलींनी ते काम हाती घेतले, पुढे केरळच्या परिचारिका देशभर पसरल्या. शरीराच्या घाणीला हात लावणाऱ्यांपैकी कोणाचा हात शुद्ध धरायचा, हे ठरवताना ज्ञानाबरोबर जातही बोलत होती.

लिंगभेदही ॲप्रनला पुरून उरतो. वॉर्डात एकाच बॅचचे दोन इंटर्न, एक मुलगा आणि एक मुलगी, शेजारी उभे असतील, दोघांचेही ॲप्रन आणि स्टेथोस्कोप सारखे असतील, तरी नातेवाईक त्याला 'डॉक्टरसाहेब' म्हणतात आणि तिला 'सिस्टर'. स्त्री डॉक्टरांची ही तक्रार महाराष्ट्रातल्या कोणत्याही रुग्णालयात ऐकू येते. त्यात सिस्टर या पदाचा कमीपणा गृहीत धरलेला असतो, याकडे परिचारिका बोट दाखवतात, आणि ते बरोबरच आहे.

ॲप्रनचा दबदबा मोजताही आला आहे. मिलानमधल्या संशोधकांनी १९८३ मध्ये रुग्णांच्या धमनीतला रक्तदाब सलग नोंदवला. डॉक्टर जवळ येताच वरचा दाब सरासरी सुमारे २७ आणि खालचा सुमारे १५ अंकांनी वाढला. पहिल्या चार मिनिटांतच तो शिखरावर पोचला. त्याच गटाच्या पुढच्या अभ्यासात परिचारिकेने मोजल्यावर ही वाढ जवळपास निम्मी भरली. पदाचा फरक असा थेट रक्तात उतरतो. घरी दाब नीट आणि दवाखान्यात वाढलेला, या अवस्थेला वैद्यकात पांढऱ्या कोटाचा उच्च रक्तदाब असेच नाव आहे. दवाखान्यात दाब जास्त भरणाऱ्यांपैकी साधारण १५ ते ३० टक्के लोक या प्रकारात मोडतात, असे निरनिराळ्या अभ्यासांत दिसते. त्यामुळे गोळी सुरू करण्यापूर्वी घरी यंत्राने काही दिवस दाब मोजून वहीत लिहून आणायला अनेक डॉक्टर सांगतात.

कोट घालणाऱ्याच्या मनावर काय होते, याचाही प्रयोग झाला. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी काही जणांना पांढरा कोट घालायला दिला. तो डॉक्टरचा आहे असे ज्यांना सांगितले त्यांनी एकाग्रतेच्या चाचणीत चांगली कामगिरी केली. तोच कोट चित्रकाराचा म्हणून ज्यांना दिला, त्यांची तेवढी झाली नाही. निष्कर्ष फार गाजला. नंतर त्याच संशोधनातला एक प्रयोग अधिक काटेकोरपणे पुन्हा केला गेला तेव्हा कोटाचा परिणाम दिसला नाही, ही बातमी मात्र तितकी पसरली नाही.

स्वच्छतेची खूण म्हणून आलेल्या कोटावर आता स्वच्छतेच्याच बाजूने आक्षेप आहे. बाह्यांची टोके आणि खिसे रोज अनेक रुग्णांना लागतात, आणि कोट रोज धुतला जातोच असे नाही. अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठात १४९ डॉक्टर-विद्यार्थ्यांचे कोट तपासले, तेव्हा २३ टक्क्यांवर स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू सापडला, आणि त्यांतल्या काहींवर औषधांना दाद न देणारा प्रकारही. ब्रिटनच्या आरोग्य विभागाने २००७ मध्ये 'कोपराखाली काही नको' असे धोरण जाहीर केले. लांब बाह्या, घड्याळ, अंगठ्या बंद. त्यात पारंपरिक कोटही गेला. २०१५ मध्ये मंगळुरूच्या एका पदव्युत्तर विद्यार्थ्याने ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहून भारतातही कोट बंद करावा अशी मागणी केली. मॉलमध्ये ॲप्रन घालून फिरणाऱ्यांवर त्यात खास टीका होती. दुसऱ्या बाजूचा मुद्दाही टाळता येत नाही. कोटावरचा जंतू रुग्णापर्यंत पोचून त्याला आजारी करतो, याचा थेट पुरावा तोकडा आहे. ताजी धुतलेली आखूड बाहीची वस्त्रेही आठ तासांच्या पाळीत कोटाइतकीच दूषित होतात, असे एका अमेरिकी चाचणीत आढळले. हात धुणे कपड्यापेक्षा कितीतरी महत्त्वाचे, यावर दोन्ही बाजूंचे एकमत आहे. मेडिकल चौकातल्या चहाच्या टपरीवर ॲप्रन घालून उभे राहण्याचे समर्थन मात्र कोणतीच बाजू करत नाही.

उलट्या दिशेने, कोटाला विधीचे रूपही मिळाले आहे. १९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात बालरोगतज्ज्ञ आर्नल्ड गोल्ड यांच्या पुढाकाराने नव्या विद्यार्थ्यांना कोट घालण्याचा समारंभ सुरू झाला. भारतात २०१९ मध्ये नव्या एमबीबीएस अभ्यासक्रमाच्या आरंभी महिनाभराचा पायाभूत वर्ग आला, आणि हा समारंभ महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांतही रुळला. शपथ कोणती घ्यायची यावर २०२२ मध्ये वाद झाला. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने हिपोक्रेटिसच्या शपथेऐवजी चरकाची सुधारित शपथ सुचवली, आणि ती घेतली गेल्यावरून मदुराईत महाविद्यालयाच्या अधिष्ठात्यांवर काही काळ कारवाई झाली. शपथ बदलली, कोट तोच राहिला. पालकांच्या दृष्टीने हा दिवस मुंजीसारखा असतो. ॲप्रन घातलेल्या लेकीचा फोटो संध्याकाळपर्यंत नातेवाइकांच्या सगळ्या व्हॉट्सॲप गटांवर फिरलेला असतो.

या मानाचे कवच पातळ आहे, हे निवासी डॉक्टर जाणतात. अपघात विभागात रुग्ण दगावला की जमाव पहिल्यांदा पांढरा ॲप्रन शोधतो, आणि तो बहुधा सर्वांत कनिष्ठाच्या अंगावर असतो. मारहाणीच्या घटनांविरुद्ध 'मार्ड' या निवासी डॉक्टरांच्या संघटनेने राज्यात वेळोवेळी संप केले. मार्च २०१७ चा त्यांतला एक मोठा. महाराष्ट्राचा यासंबंधीचा कायदा २०१० चा आहे. त्याचे संरक्षण डॉक्टरांबरोबरच परिचारिका, विद्यार्थी आणि निमवैद्यकीय कर्मचारी यांनाही आहे. निदान या कायद्यापुढे तरी कोटाचा रंग पाहिला जात नाही.

२०२० च्या साथीत काही महिने ॲप्रनच नाहीसा झाला. पीपीई किटमध्ये प्राध्यापक, इंटर्न, सिस्टर आणि मामा एकसारखे दिसू लागले. मग छातीवर आणि पाठीवर मार्करने नाव आणि पद लिहिण्याची पद्धत पडली.

कायद्याने पांढरा ॲप्रन कोणा एका व्यवसायासाठी राखून ठेवलेला नाही. राखीव आहे ती नोंदणी. महाराष्ट्रात ॲलोपॅथीच्या डॉक्टरांची नोंद महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे होते, आयुर्वेद, होमिओपॅथी, दंत आणि परिचर्येच्या परिषदा वेगळ्या. पदवीविना उपचार करणाऱ्यावर १९६१ च्या महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियमाखाली गुन्हा दाखल होतो. खरी भांडणे होतात ती 'डॉक्टर' या उपाधीवरून. फिजिओथेरपिस्टनी नावाआधी डॉक्टर लावू नये, असे पत्र सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने काढले, आणि विरोध होताच लगेच मागेही घेतले. ॲप्रनवरून असे पत्र निघालेले नाही, कारण तो वाद केव्हाच हातचा गेला आहे.

रुग्णाला समोरचा माणूस कोण हे जाणून घ्यायचे असेल, तर कोटाकडे पाहून उपयोग नाही. वैद्यकीय व्यवसायाच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावायचा असतो, आणि चिठ्ठी, प्रमाणपत्र व पैशाच्या पावतीवर लिहायचा असतो. त्या यादीत कोटाचा उल्लेख नाही. स्वच्छ पांढरा कोट आणि त्यावर नाव व नोंदणी क्रमांकाचा बिल्ला, असा स्पष्ट नियम आहे तो २०१५ च्या फार्मसी विनियमांत, औषधाच्या दुकानातल्या फार्मासिस्टसाठी.